रात्री नऊला नेट का रेंगाळतं? जीबीची मर्यादा आणि फायबरवरची गर्दी

बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर, वाडी, गोरेवाडा. नागपूर ज्या ज्या दिशेनं वाढलं, तिथल्या जवळजवळ प्रत्येक लेआउटमध्ये आता फायबरची बारीक तार खांबावरून घरात शिरलेली दिसते. दुपारपर्यंत तिच्यावर सगळं सुरळीत चालतं. रात्रीची जेवणं आटोपून टीव्ही लागले की पडद्यावर चकरी फिरू लागते आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "भाऊ, तुमच्याकडे नेट चालून राह्यलं का?"

मग तर्क सुरू होतात. महिन्याचा डेटा संपला असेल. कंपनीनं मुद्दाम स्पीड कमी केला असेल. राऊटर जुना झाला असेल. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं असतं. पण बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. एक म्हणजे महिनाभराच्या डेटावर घातलेली मर्यादा, आणि दुसरी म्हणजे दिवसाच्या ठरावीक तासांत तारेवर होणारी गर्दी. या दोघींचा एकमेकींशी संबंध फार थोडा आहे. हे माहीत नसलं की माणूस गरज नसताना महागडी योजना घेतो, तक्रार करताना चुकीचा प्रश्न विचारतो आणि मिळालेलं चुकीचं उत्तर खरं मानून गप्प बसतो. म्हणून हे सगळं मुळापासून समजून घेऊ.

एमबीपीएस आणि जीबी

जाहिरातीत '१०० एमबीपीएस' असं लिहिलेलं असतं. हा वेग आहे, सेकंदाला १०० मेगाबिट. आपल्या फाइली मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट येतात. डाउनलोड करताना '१२ एमबी' दिसलं म्हणून कुणी फसवत नाही, तो पूर्ण वेगच आहे.

जीबी म्हणजे महिनाभरात एकूण किती माहिती आली-गेली त्याचा हिशेब. अनेक योजनांत हा आकडा एका हद्दीपलीकडे गेला की कंपनी वेग एकदम खाली आणते. या अटीला एफयूपी, म्हणजे 'योग्य वापराचं धोरण' म्हणतात. जिओ, एअरटेल, बीएसएनएल यांच्या अनेक घरगुती योजनांत ही हद्द ३,३०० जीबीच्या आसपास ठेवलेली आढळते. योजना सारख्या बदलतात, म्हणून आपल्या योजनेच्या अटी स्वतः वाचलेल्या बऱ्या.

३,३०० जीबी हा आकडा किती मोठा आहे? तीस दिवसांत वाटला तर रोजचे ११० जीबी होतात. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की एचडी चित्राला तासाला सुमारे ३ जीबी आणि फोर-के चित्राला सुमारे ७ जीबी लागतात. म्हणजे घरात रोज पंधरा तास फोर-के चित्र चालू राहिलं तरच ही हद्द गाठली जाईल. साध्या कुटुंबात असं घडत नाही. रात्री नऊला चकरी फिरणाऱ्या बहुतांश घरांनी मर्यादेचा निम्मा भागही वापरलेला नसतो, असं माझं मत या हिशेबावरूनच बनलं आहे.

मर्यादा खरोखर ओलांडतात ते वेगळेच लोक. क्लाउडवर सतत चित्रण पाठवणारा सीसीटीव्ही कॅमेरा घ्या. तो २ एमबीपीएसनं चालत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी आणि महिन्याला जवळपास ६५० जीबी वर पाठवतो. बंगल्याभोवती असे पाच कॅमेरे लावले की ३,२०० जीबीच्या पुढे, म्हणजे हद्दीच्या उंबरठ्यावर पोचलोच, आणि घरातल्या कुणी एकही व्हिडिओ पाहिलेला नसतो. बहुतेक योजनांत अपलोडही मोजलं जातं, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. एकाच घरगुती जोडणीवर दहा-बारा विद्यार्थ्यांचं पीजी चालवणाऱ्या घरमालकाचंही असंच होतं.

घरातल्या डब्यापासून ओएलटीपर्यंत

गर्दी कुठे होते हे कळायला तारेचा मार्ग माहीत हवा. घरातल्या ज्या डब्यावर दिवे लुकलुकतात, त्याला ओएनटी म्हणतात. तो प्रकाशाचं रूपांतर विजेच्या संकेतात करतो. त्यातून निघालेली काचेची तार खांबावरच्या एका पेटीत जाते. तिथे स्प्लिटर असतो. हा छोटासा भाग विजेशिवाय चालतो आणि एका तारेतला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. पलीकडे, इंटरनेट कंपनीच्या किंवा स्थानिक केबलवाल्याच्या खोलीत ओएलटी नावाचं यंत्र असतं. लेआउटमधल्या सगळ्या तारा शेवटी तिथेच येतात.

आपल्याकडच्या घरगुती फायबरमध्ये जीपॉन ही पद्धत सर्रास वापरली जाते. तिच्यात ओएलटीच्या एका पोर्टवरून (तार जोडायच्या खाचेतून) घरांकडे सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट येतात आणि घरांकडून उलट दिशेला सुमारे १.२५ गिगाबिट जातात. स्प्लिटरवरची सगळी घरं हे आपसांत वाटून घेतात. नवी एक्सजीएस-पॉन पद्धत दोन्ही बाजूंना १० गिगाबिट देते.

म्हणजे आपली तार शेजाऱ्यांसोबत वाटलेली असते. हे ऐकून अनेकांना फसवल्यासारखं वाटतं. पण आकडे बघा. ६४ घरांनी एकाच क्षणी फोर-के चित्र लावलं आणि प्रत्येकाला १५ एमबीपीएस लागले, तरी बेरीज ९६० मेगाबिट होते. पोर्टची क्षमता जवळपास २,५०० आहे. म्हणजे सगळा लेआउट टीव्हीसमोर बसला तरी अर्ध्याहून अधिक जागा मोकळी राहते. केबल टीव्हीच्या तांब्याच्या तारेवरून किंवा मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या इंटरनेटची अवस्था वेगळी असते. तिथे शेवटच्या टप्प्यातच चेंगराचेंगरी होते. फायबरमध्ये हा टप्पा सहसा सर्वांत मोकळा असतो.

मग अडतं कुठे?

अडतं ओएलटीच्या पुढे. ओएलटीतून बाहेर शहराकडे आणि पुढे मुंबईकडे जाणाऱ्या जोडणीला अपलिंक म्हणतात. समजा, एका स्थानिक ऑपरेटरकडे आठ पोर्टांचं ओएलटी आहे आणि प्रत्येक पोर्टवर ६४ घरं आहेत. झाली ५१२ घरं. प्रत्येकानं १०० एमबीपीएसची योजना घेतली आहे. सगळ्यांच्या योजनांची बेरीज ५१,२०० मेगाबिट होते, पण अपलिंक आहे फक्त १ गिगाबिटचा.

दुपारी तीनला यातली चाळीसेक घरंच काही पाहत असतील, तेव्हा कुणालाच त्रास होत नाही. रात्री साडेनऊला तीनशे घरं एकदम जागी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीन मेगाबिट येतात. नेटफ्लिक्सच्याच सल्ल्यानुसार पूर्ण एचडीला ५ एमबीपीएस हवेत. तिथे चित्र आधी धूसर होतं, मग चकरी येते. तोच अपलिंक १० गिगाबिटचा असता तर त्याच तीनशे घरांना प्रत्येकी तेहेतीस मेगाबिट मिळाले असते आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणी प्रश्नच विचारला नसता. लेआउटमधली तार तीच, घरातला डबा तोच, योजना तीच. फरक फक्त ऑपरेटरनं पुढची क्षमता किती विकत घेतली एवढाच.

क्षमतेपेक्षा जास्त विकणं हा काही गुन्हा नाही. त्याशिवाय पाच-सातशे रुपयांत १०० एमबीपीएस मिळणंच शक्य नाही. फक्त तुमच्यासाठी राखीव असलेल्या लीज लाइनचं भाडं घरगुती योजनेच्या कितीतरी पट असतं. प्रश्न फक्त किती पट विकावं याचा आहे. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. घरगुती ग्राहकांसाठी हे प्रमाण १:५० आणि व्यावसायिकांसाठी १:३० असावं, असं त्यांत म्हटलं होतं. वरच्या उदाहरणातले ५१,२०० मेगाबिट ५० नं भागा. येतात १,०२४, म्हणजे जवळजवळ १ गिगाबिट. आपला काल्पनिक ऑपरेटर या जुन्या सूचनेत जवळजवळ बसतो, आणि तरीही रात्री लोकांना सव्वातीन मेगाबिटच मिळतात! २००९ साली लोक ईमेल आणि वेबपानं पाहत होते, तेव्हाचं गणित घराघरात एचडी टीव्ही आल्यावर पुरत नाही.

धरमपेठेतल्या नातेवाइकाकडे तीच कंपनी, तीच योजना रात्रीही सुसाट चालते आणि बेशाला रडते, याचंही कारण इथेच सापडतं. दोन्ही ठिकाणचे ओएलटी वेगळे, कधीकधी स्थानिक भागीदारही वेगळा आणि त्याचा अपलिंकही वेगळा. बिलावरचं नाव सारखं असलं तरी मागची यंत्रणा सारखी असेलच असं नाही.

मर्यादा लावून ही गर्दी हटते का?

नाही. संध्याकाळी सात वाजता बर्डीवर, शहराच्या मुख्य बाजारात, वाहनं खोळंबतात, तेव्हा प्रत्येक गाडी महिन्यात किती किलोमीटर धावली याची नोंद ठेवून रस्ता मोकळा होणार नाही. पहाटे चारला वर्धा रोडवरून दोनशे किलोमीटर जाणाऱ्यानं कुणाचीच वाट अडवलेली नसते. उलट घर ते ऑफिस एवढाच पाच किलोमीटरचा फेरा रोज नेमका सात वाजता करणारा माणूस गर्दीत भर घालतो, आणि त्याचा महिन्याचा आकडा अगदी छोटा दिसतो.

इंटरनेटचंही तसंच आहे. एखादा मुलगा रात्री दोन ते सहा या वेळेत मोठमोठे गेम उतरवून महिन्याला हजार जीबी वापरतो. त्या वेळी अपलिंक रिकामाच असतो. तो रिकामेपणा साठवून रात्री नऊसाठी ठेवता येत नाही, न वापरलेला सेकंद निघून जातो. दुसरं कुटुंब रोज रात्री नऊ ते अकरा एचडी मालिका पाहतं. त्यांचा महिन्याचा हिशेब फक्त १८० जीबीचा. गर्दीला कारण हे दुसरं घर आहे (त्यात त्याचा काही दोष नाही, त्यानं पैसे भरलेच आहेत), आणि मर्यादेचा फटका बसेल तो पहिल्याला.

कंपनीलाही जीबीमागे पैसे मोजावे लागतात ना?

हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मर्यादेचं समर्थन नेहमी इथूनच केलं जातं. म्हणून यावर थोडं थांबू.

छोटी इंटरनेट कंपनी मोठ्या कंपनीकडून घाऊक बँडविड्थ, म्हणजे माहिती वाहून नेण्याची क्षमता, घेते. या व्यवहारात जगभर रूढ असलेली एक पद्धत अशी आहे. दर पाच मिनिटांनी जोडणीवरचा वेग नोंदवायचा. तीस दिवसांत अशा ८,६४० नोंदी होतात. त्या उतरत्या क्रमानं लावून सर्वांत वरच्या पाच टक्के, म्हणजे ४३२ नोंदी सोडून द्यायच्या. त्यानंतर जी नोंद येईल, त्या वेगाचं बिल. सोडून दिलेल्या ४३२ नोंदी म्हणजे महिन्यातले एकूण ३६ तास. पण रात्री आठ ते बारा ही गर्दी रोज चार तास, म्हणजे महिन्याला १२० तास असते. ती त्या ३६ तासांत मावत नाही. म्हणून बिल ठरतं ते गर्दीच्या तासांतल्या वेगावर. पहाटे कुणी हजार जीबी ओढले तरी त्या बिलात एका पैशाचाही फरक पडत नाही. काही कंपन्या ठरावीक क्षमतेचं ठरावीक भाडं भरतात, तिथे तर जीबीचा प्रश्नच येत नाही.

त्यातही आपण पाहतो त्यातला मोठा हिस्सा मुंबईहूनही येत नाही. यूट्यूब, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांतच ठेवतात. अशा साठवणीच्या यंत्राला कॅशे सर्व्हर म्हणतात. पन्नास घरांनी तोच चित्रपट पाहिला तरी तो बाहेरून एकदाच आणला जातो. म्हणून कंपनीसाठी सगळे जीबी सारख्या किमतीचे नसतात.

मग मर्यादा ठेवतात कशासाठी? मला पटणारं एक कारण आहे. घरगुती दरात घेतलेली जोडणी कुणी हॉस्टेलला, दुकानांच्या रांगेला किंवा अख्ख्या इमारतीला विकू नये म्हणून कुठेतरी कुंपण घालावं लागतं. १०० एमबीपीएसची जोडणी दिवसरात्र पूर्ण वेगानं चालवली तर तासाला ४५ जीबी, आणि ३,३०० जीबी साधारण ७३ तासांत संपतात. असा वापर कुठलंही घर करत नाही. तेव्हा इतक्या वरच्या मर्यादेनं साध्या घराचं काही बिघडत नाही. पण शे-दीडशे जीबीची मर्यादा ठेवून 'गर्दी टाळण्यासाठी' असं सांगितलं जात असेल, तर ते कारण पटण्यासारखं नाही. तिथे मर्यादेचा उपयोग ग्राहकाला वरच्या योजनेकडे ढकलण्यासाठी होतो.

"पण स्पीड टेस्ट तर पूर्ण शंभर दाखवते!"

तक्रार केली की तंत्रज्ञ मोबाइलवर चाचणी लावतो, काटा ९५ वर जातो आणि विषय संपतो. ती चाचणी खोटी नसते, अपुरी असते. चाचणीचं ॲप आपोआप सर्वांत जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो अनेकदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. मापलं जातं ते घर ते कंपनी एवढंच अंतर, म्हणजे नेमका तो टप्पा जिथे फायबरमध्ये सहसा अडचण नसते. शिवाय बरेचदा चाचणी सकाळी अकराला होते आणि तक्रार असते रात्री दहाची.

चाचणी करायची तर रात्री, गर्दीच्या वेळी करावी. सर्व्हरच्या यादीतून दुसऱ्या कंपनीचा, मुंबईतला एखादा सर्व्हर हातानं निवडावा. जवळच्यावर ९५ आणि मुंबईच्या सर्व्हरवर ८ आले, तर गाठ पुढे कुठेतरी आहे.

याहून बोलका आकडा पिंगचा. संदेश जाऊन परत यायला लागलेला वेळ म्हणजे पिंग, तो मिलिसेकंदात मोजतात. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई तारेची वळणं धरून अंतर हजार किलोमीटर मानलं, तरी जाऊन-येऊन दहा मिलिसेकंद पुरतात. यंत्रांत जाणारा वेळ धरून वीस-पंचवीस आले तर ठीकच म्हणायचं. सकाळी पंचवीस असलेला हा आकडा रात्री दीडशे होत असेल, तर मुंबई लांब गेलेली नसते. मधल्या कुठल्यातरी यंत्रात तुमची माहिती रांगेत उभी असते. रांग भरली की यंत्र येणारी माहिती टाकून देतं आणि ती पुन्हा पाठवावी लागते. व्हिडिओ काही सेकंद आधीच साठवून ठेवलेला असतो, म्हणून तो थोडा वेळ तग धरतो. ऑफिसच्या मीटिंगला किंवा गेमला ती सोय नसते, म्हणून आवाज आधी तुटतो. घरून काम करणाऱ्यांनी एमबीपीएसपेक्षा या आकड्याकडे जास्त लक्ष द्यावं.

आधी घरातला वायफाय तपासा

कंपनीला जाब विचारण्याआधी हे करायलाच हवं, नाहीतर तक्रार पहिल्याच प्रश्नावर पडते. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच असतात, १, ६ आणि ११. फ्लॅट संस्कृतीत वीस घरांचे राऊटर त्या तीन चॅनेलांत दाटीवाटीनं बसतात, आणि तेही रात्रीच जास्त चालतात. म्हणून घरातली ही गर्दी बाहेरच्या गर्दीसारखीच भासते. ५ गिगाहर्ट्झवर जागा जास्त असते, फक्त भिंतींपलीकडे तो लवकर कमकुवत होतो.

उपाय सोपा आहे. लॅपटॉप लॅन केबलनं थेट राऊटरला जोडा आणि मग मोजा. केबलवर नेट ठीक आणि वायफायवर मंद असेल तर दोष घरात आहे. कितीही मोठी योजना घेतली तरी स्पीड ९४-९५ च्या पुढेच जात नसेल, तर राऊटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असण्याची शक्यता मोठी. ओएनटीवर लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाही, म्हणजे तार तुटली किंवा कुठेतरी मुडपली. सिमेंट रस्त्यांच्या खोदकामात आणि पावसाळ्यात झाडाच्या फांद्या पडून असं घडतं. गर्दीशी त्याचा संबंध नाही.

मुद्दाम एखादं ॲप हळू करतात का?

भारतात तसं करायला मनाई आहे. ट्रायनं फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या सेवांसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली आणि जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली. कंपनीनं एका ॲपला वाट द्यायची आणि दुसऱ्याला अडवायचं, हे त्यांत बसत नाही. तरी एखादं ॲप चालतं आणि दुसरं रडतं, असा अनुभव येतो. त्याचं कारण बहुधा मार्गांत असतं. एकाचा कॅशे सर्व्हर शहरात किंवा कंपनीच्या केंद्रात आहे, दुसऱ्याची माहिती समुद्रापलीकडून येते.

देशाच्या मध्यावर, झिरो माइलच्या शहरात राहणाऱ्या आपल्याला हे खास जाणवण्यासारखं आहे. परदेशी जाणाऱ्या सागरी केबल मुंबई, चेन्नई अशा किनाऱ्यांवर येतात. आपल्याकडचा प्रत्येक परदेशी संदेश आधी तिथवर पोचायला हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ सागरी केबल तुटल्या, तेव्हा भारतासह अनेक देशांत परदेशी सेवा मंदावल्या. अशा दिवशी मालिका नीट चालते, कारण ती इथेच साठवलेली असते, पण युरोपातल्या सर्व्हरवर चालणारं ऑफिसचं काम रखडतं. मिहानमधून (नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योगनगरीतून) किंवा घरून परदेशी कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांना याची झळ बसते. त्या दिवशी स्थानिक ऑपरेटरला फोन करून काही उपयोग नसतो.

क्रिकेटचा सामना ही आणखी वेगळी बाब. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाचा अंतिम सामना एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक हॉटस्टारवर पाहत होते. चित्रपट लोक वेगवेगळ्या वेळी पाहतात, सामना सगळे त्याच क्षणी पाहतात आणि तो आधीपासून साठवून ठेवता येत नाही. ऑपरेटरचा अपलिंक काठावर असेल तर तो अशाच रात्री उघडा पडतो.

वरची योजना घेऊन सुटका होईल का?

गर्दी अपलिंकवर असेल तर फारशी नाही. १०० चे २०० एमबीपीएस केल्यानं तुमच्या घरापासून ओएलटीपर्यंतची परवानगी वाढते, पुढची जागा तेवढीच राहते. चौघांच्या घराला, दोन एचडी टीव्ही, एक मीटिंग आणि दोन मोबाइल धरून, खरोखर मिळत असतील तर ४० एमबीपीएस पुष्कळ होतात. रात्री ते मिळत नसतील तर ३०० ची योजना घेऊन महिन्याला जास्तीचे पैसे जातात, चकरी जात नाही. अशा वेळी कंपनी बदलून पाहणं जास्त शहाणपणाचं. त्याआधी त्याच लेआउटमधल्या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे रात्री दहाला चाचणी करून बघावी. दुसऱ्या वस्तीतला अनुभव इथे कामाचा नाही, ते आपण पाहिलंच.

नियम काय देतात?

ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान किती वेग हवा, ही व्याख्या आपल्याकडे २००४ मध्ये २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ५१२ झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. एफयूपीबद्दल ट्रायनं २०१६ मध्ये कंपन्यांना बजावलं की हद्द ओलांडल्यावरही घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये आणि वापर ५०, ९० व १०० टक्क्यांवर पोचला की ग्राहकाला कळवावं. म्हणजे मर्यादा संपली की नाही, हा अंदाजाचा विषय नाही. संदेश आला नसेल आणि कंपनीच्या ॲपमध्ये आकडा खाली असेल, तर 'डेटा संपला असेल' हे उत्तर मान्य करू नका.

गर्दीसाठीचा नियम मात्र फार थोड्यांना माहीत आहे. ट्रायच्या २००६ च्या सेवा-गुणवत्ता नियमावलीनं सांगितलं होतं की सर्वाधिक वापराच्या तासातही कंपनीच्या अपलिंकवरचा भार क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत राहायला हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवी नियमावली लागू आहे. जोडण्यांवरचा भार आणि पिंग हे मोजमापाचे विषय त्यातही आहेत. गर्दीचं उत्तर क्षमता वाढवणं हेच आहे आणि ती वाढवण्याची जबाबदारी कंपनीची आहे, हे नियामकानं फार आधीच लिहून ठेवलं आहे. ग्राहकानं टीव्ही कमी पाहावा, असं कुठेही म्हटलेलं नाही.

म्हणून तक्रार करताना 'नेट स्लो आहे' एवढ्यावर थांबू नका. सलग काही दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री दहाच्या सुमारास लॅन केबलवर वेग आणि पिंग मोजा, स्क्रीनशॉट ठेवा आणि लेखी विचारा: आमच्या ओएलटीवर किती ग्राहक आहेत, अपलिंक किती गिगाबिटचा आहे, आणि रात्री नऊ ते अकरा त्यावर किती टक्के भार असतो? लेआउटमधल्या दहा घरांनी एकत्र हे पत्र दिलं तर उत्तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते. तोंडी आश्वासनावर विसंबू नका, तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या. मोठ्या कंपन्यांकडे तक्रारीनं समाधान झालं नाही तर त्यांच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत दाद मागता येते आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. तिथेही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तिथे 'रोज रात्री चकरी फिरते' या वाक्यापेक्षा तारीख, वेळ आणि पिंगचा आकडा असलेला कागद जास्त उपयोगी पडेल.